सरकारला विचारायला किती पडतात?

नाशिकच्या दिंडोरी रोडवर बाजार समितीच्या आसपास झेरॉक्सची दुकानं पुष्कळ. मागच्या पावसाळ्यात त्यातल्याच एका दुकानापुढे म्हसरूळकडचे एक बाबा उभे होते. दारात दोन गायी, थोडा भाजीपाला, हातात पिशवी. एका गायीच्या अंगावर गाठी आल्या होत्या. लस मोफत असते का, आणि जनावर दगावलंच तर काही मिळतं का, एवढंच त्यांना सरकारला विचारायचं होतं. दुकानदार म्हणाला, ‘माहिती अधिकार टाकून देतो, तीनशे होतील.’ बाबा पैसे काढायला लागले तेव्हा मला राहवलं नाही. या प्रश्नाचं उत्तर फुकट होतं आणि त्याच दिवशी मिळणार होतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला कायद्यानं तीस दिवसांची मुदत आहे. आजारी गाय तीस दिवस थांबत नाही.

सरकारला प्रश्न विचारणं मुळात स्वस्त आहे. खर्च होतो तो चुकीच्या दारात उभं राहिल्यामुळे. निमाणीहून रिक्षानं एकदा जिल्हाधिकारी कार्यालय गाठलं, तिथून ‘हे आमच्याकडे नाही’ ऐकून जिल्हा परिषदेत गेलं, की अर्जाच्या दहा रुपयांच्या कितीतरी पट भाड्यात जातात. बुडालेला रोज वेगळाच. म्हणून आधी दार, मग दर.

जनावर आजारी असेल तर

अर्ज लिहू नका, फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १८००-२३३-०४१८. फोनला पैसे लागत नाहीत. गाडी घरी बोलवायची असेल, तर सेवाशुल्क आणि औषधांचं काय, हे त्याच फोनवर विचारून घ्या. जनावर दवाखान्यात नेणार असाल तर तिथला दरफलक वाचा आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा. पावती मागितली की ‘वरचे’ पैसे बरेचदा आपोआप गळून पडतात, असा माझा अनुभव आहे.

पिकाचा प्रश्न असेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१. ही सेवा जानेवारी २००४ पासून चालू आहे. सकाळी सहा ते रात्री दहा, सुट्टीच्या दिवशीही, आणि मराठीत उत्तर मिळतं. द्राक्षावर कोणती फवारणी करायची हे तिथे विचारा. अनुदान कुठे अडकलं, हे मात्र तिथे कळणार नाही.

अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या आजारानं लोकांचे पैसे नको तिथे गेले. राज्यात २०२२ च्या साथीतला पहिला रुग्ण ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला. हा विषाणू देवीच्या कुळातला. माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत तो पसरतो आणि माणसाला होत नाही. तरीही तेव्हा कित्येक घरांनी दूध बंद केलं. उकळून प्यायलं असतं तर काही झालं नसतं. लस सरकारनं मोफत टोचली. ती मूळची शेळ्यांच्या देवीची लस, पण गायीबैलांनाही उपयोगी पडते. या लसीसाठी कुणी पैसे मागत असेल तर ते तुम्ही देणं लागत नाही. लाळ्या-खुरकुताची लसही मोफत आहे. सप्टेंबर २०१९ पासून तिचा सगळा खर्च केंद्राच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून होतो आणि ती वर्षातून दोनदा द्यायची असते.

जनावर दगावलं तर? त्या साथीत राज्यानं दुभत्या गायीला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये दिले. हे आकडे त्या साथीपुरत्या निघालेल्या निर्णयाचे होते. वीज पडून किंवा पुरात जनावर गेलं तर त्याचं खातं निराळं. तिथे आपत्ती निवारणाचे निकष लागतात, आणि २०२२ नंतरच्या निकषांत दुभत्या गाय-म्हशीला ३७,५००, ओढकामाच्या जनावराला ३२,००० आणि वासराला २०,००० रुपये आहेत. पशुधन विकास अधिकाऱ्याकडे गेलात तर ‘मदत मिळेल का’ असं मोघम विचारू नका. ‘सध्या कोणत्या तारखेचा शासन निर्णय लागू आहे’ असं विचारा. तारीख हाती आली की पुढचं सगळं सोपं होतं.

या सगळ्याची किल्ली मात्र जनावराच्या कानात आहे. १ जून २०२४ पासून राज्यात कानातल्या बारा अंकी बिल्ल्याची नोंद नसेल, तर जनावराची खरेदी-विक्री, वाहतूक आणि सरकारी दवाखान्याची सेवा सगळंच अडतं. भरपाईचा अर्जही तिथेच अडकतो. बिल्ला पडला असेल तर आजच नवा मारून घ्या. जनावर मेल्यावर तो मारता येत नाही. मेलेलं जनावर पंचनाम्याआधी पुरण्याची घाईही नको. पंचनामा आणि शवविच्छेदन नसलं की फाईल पुढे सरकत नाही.

गाव की शहर?

पंचवटीच्या कडेची शेती हा एक वेगळाच घोळ आहे. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, नांदूर ही गावं केव्हाच महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली, पण सातबारा राहिला. त्यामुळे लोक पाण्याच्या तक्रारीसाठी तलाठ्याकडे जातात आणि पिकाच्या पंचनाम्यासाठी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात. घरपट्टी, गटार, रस्ता, मोकाट जनावरं हे महापालिकेचं काम. सातबारा, फेरफार, पीक पंचनामा हे महसूल खात्याचं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, आणि कृषी सहायकाला सहायक कृषी अधिकारी. पाटी बदलली म्हणून ओळखायला चुकू नका. कुंभमेळ्यातल्या साधुग्रामासाठी तपोवनातली जमीन, झाडं, भाडेपट्टा यांविषयी विचारायचं असेल, तर महापालिका आणि कुंभमेळा प्राधिकरण या दोघांकडे वेगवेगळे अर्ज करावे लागतात.

सातबारा नुसता बघायचा असेल तर महाभूलेखवर फुकट दिसतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी मोफत आहे, आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना तो लागतोच. या दोन गोष्टींसाठी शंभर-दीडशे रुपये देणारी माणसं मी मार्केट यार्डात रोज बघतो. भरून देणाऱ्याची मजुरी म्हणून कुणी वीस-तीस रुपये घेतले तर माझी तक्रार नाही. ती ‘सरकारी फी’ म्हणून सांगू नये, इतकंच.

पीक विम्याचं थोडक्यात: एक रुपयाची योजना खरीप २०२३ ला आली आणि खरीप २०२५ पासून बंद झाली. आता शेतकऱ्याचा वाटा खरिपाच्या धान्य-गळिताला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड टक्क्यापर्यंत आणि कांद्यासारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत असतो. तक्रार आणि चौकशीचा फोन १४४४७.

आधीच दिलेलं उत्तर

याकडे जवळजवळ कुणी बघत नाही. तुम्ही जे विचारणार आहात ते एखाद्या खासदारानं संसदेत विचारलेलं असण्याची शक्यता मोठी. अधिवेशनात लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकिताला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, अतारांकिताला लेखी. गुरांचे आजार, लशींचा पुरवठा, कांद्याची खरेदी हे दर अधिवेशनातले नेहमीचे पाहुणे. ही उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालयाच्या नावानं शोधता येतात. कित्येकदा सोबत राज्यवार आकड्यांचा तक्ता असतो. खर्च शून्य. राज्याचे शासन निर्णयही सरकारच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून फुकट उतरवून घेता येतात. मोबाइल जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. पाच पानांची छपाई झेरॉक्सवाल्याकडे वीस-पंचवीस रुपयांत होते. असा कागद हातात घेऊन गेलं की कार्यालयातला सूर बदलतो.

प्रश्न नवीनच असेल तर आमदार-खासदारांना एक पत्र द्या. लोकसभेच्या प्रश्नाला किमान पंधरा दिवसांची सूचना द्यावी लागते, तेव्हा अधिवेशन सुरू झाल्यावर धावू नका, आधी जा. हेही फुकटच. खासदार प्रश्न लावतीलच याची हमी मात्र नाही.

माहिती अधिकाराचं बिल

इथवर काही हाती आलं नाही, तरच हा मार्ग धरा. राज्य सरकारच्या कार्यालयासाठी अर्जाला १० रुपये. कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा किंवा रोख भरून पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही माफ, त्याची प्रत मात्र जोडा. नेहमीच्या आकाराच्या कागदाला पानामागे २ रुपये. कागद नुसते बघायचे असतील तर पहिला तास फुकट. माझा सल्ला, आधी बघायला जा, हवी ती पानं टिपून घ्या आणि तेवढ्याचीच प्रत मागा. दोनशे पानांच्या नोंदवहीचे चारशे रुपये भरून त्यातली सहा पानं कामाची निघाल्याचं मी पाहिलंय.

टपालानं पाठवायचं तर रजिस्टर पोस्ट आता वेगळं उरलेलं नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टात मिसळलं. पन्नास ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला गावातल्या गावात १९ रुपये, मुंबई-दिल्लीला ४७, आणि वर कर. हातानं दिलात तर आवक विभागाचा शिक्का आणि पोच दुसऱ्या प्रतीवर घ्या, तिला पैसे लागत नाहीत. ऑनलाइन अर्जालाही दहाच रुपये, वर भरण्याचा किरकोळ खर्च. एकंदर वीस पानांचं उत्तर धरलं तरी शंभराच्या आसपास काम होतं. तीनशे कशाचे, हे तुम्हीच विचारा.

पैसे वाया जातात ते मजकुरात. महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द. लसीकरण आणि साधुग्राम एकाच कागदावर लिहिलंत तर पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतात. दुसरी चूक ‘का’ विचारण्याची. ‘आमच्या वस्तीवर लस का आली नाही?’ याचं उत्तर कागदावर नसतं, म्हणून ते मिळत नाही. त्याऐवजी लिहा: ‘म्हसरूळ परिसरासाठी अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत मिळालेल्या आणि वापरलेल्या लाळ्या-खुरकूत लसीच्या साठा नोंदवहीची प्रत द्यावी.’ लस आली पण टोचली गेली नाही, की आलीच नाही, हे त्या एका कागदावरून कळतं. वेगळ्या ‘का’ची गरज उरत नाही.

कार्यालय चुकलं तरी अर्ज फुकट जात नाही. कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. ‘आमच्याकडे नाही’ म्हणून परत देत असतील तर हे कलम शांतपणे सांगा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढे माहिती मोफत द्यावी लागते.

कांदा हा नाशिकचा खरा सवाल, आणि तो राज्याच्या दारात सुटत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला ती उठली पण ४० टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं. हे सगळे निर्णय दिल्लीचे. निर्यातीचं वाणिज्य मंत्रालयाला, साठ्याच्या खरेदीचं ग्राहक व्यवहार विभागाला विचारायचं. तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. स्टॅम्प लावलेले अर्ज परत येतात आणि महिना जातो. शब्दमर्यादाही वेगळी, पाचशे. नेमून दिलेल्या टपाल कार्यालयांत केंद्राचा अर्ज थेट स्वीकारतात आणि पुढे पाठवायचे पैसे घेत नाहीत. हे खिडकीवरच्या माणसालाही कधी कधी ठाऊक नसतं, तेव्हा पोस्टमास्तरांना भेटा.

अपिलाचा हिशेब: राज्यात पहिल्या अपिलाला २० रुपये, दुसऱ्यालाही २०. केंद्रात दोन्ही फुकट. पहिलं अपील तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. दुसरं नव्वद दिवसांत, आणि आपल्यासाठी राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ नाशिकलाच आहे, मुंबईची फेरी नाही. दंड दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये. तो अधिकाऱ्याला होतो, तुमच्या खिशात येत नाही. दुसऱ्या अपिलाला वेळ फार लागतो, म्हणून भरपाईचं काम असेल तर त्याची वाट बघत बसू नका. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत द्यायचा. फी नाही.

त्या बाबांनी त्या दिवशी फोन केला. गायीच्या कानात बिल्ला नव्हता, हे पलीकडच्या बाईंनी विचारल्यावर लक्षात आलं. तिचा बिल्ला केव्हाच तुटून पडला होता, आणि तो त्यांनी घरच्या डब्यात जपून ठेवला होता.