पुढच्या पायावरचा चौकोन

आमच्या ठमी कुत्रीच्या उजव्या पुढच्या पायावर एवढासा एक चौकोन होता, जिथले केस आखूड होते. पहिल्या दिवशीच मला दिसला. विचारलं, तर रेस्क्यूवाल्या ताई म्हणाल्या, "खरचटलं असेल हो, रस्त्यावर होती ना." मी मान डोलावली आणि दत्तकाच्या कागदावर सही केली.

मला मात्र त्यांनी सगळं विचारलं होतं. आधार कार्ड, घर स्वतःचं की भाड्याचं, गॅलरीला जाळी आहे का, गावाला गेलात तर कोण बघणार. रास्तच आहे, कुत्रं कुणाच्याही हवाली करू नये. दर महिन्याला फोटो पाठवायचा आणि महिन्याभरात नसबंदी करून घ्यायची, अशीही अट होती. मी आणखी एकच विचारलं, "आधी काही आजारपण?" उत्तर आलं, "थोडी अशक्त आहे. घरचं खाल्लं की भरेल अंगाने."

सतराव्या रात्री तिच्या नाकातून रक्त आलं. शिंकली की फरशीवर, भिंतीवर थेंब उडायचे. लेक रडत बर्फ धरून बसली होती. सकाळी डॉक्टरांनी आधी हिरड्या पाहिल्या, त्या पांढुरक्या पडल्या होत्या. मग तिला उताणं केलं. पोटावर लाल बारीक ठिपके होते, मी डास चावलेत असं समजत होते. मग त्यांनी पुढचा पाय हातात घेतला, त्या चौकोनावर अंगठा ठेवला आणि विचारलं, "हिला सलाईन कधी लावलं होतं?"

मी म्हटलं, "नाही लावलं."

"लावलंय. हे मशीनने काढलेले केस आहेत. सुई टोचायच्या आधी असेच काढतात."

तिथे उभ्या उभ्या मला सगळं कळलं. ती आधीच आजारी होती, तिला दवाखान्यात नेलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं.

रक्ताचा रिपोर्ट आला. कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात, ठमीच्या ११ हजार होत्या. एर्लिकिया, म्हणजे गोचिडातून येणारा ताप. मी त्या ताईंना फोन केला, संध्याकाळी उचलला. "अहो, तेव्हा बरी झाली होती ती! खायला लागली म्हणून गोळ्या थांबवल्या." किती दिवस दिल्या होत्या? आठ. डॉक्सीसायक्लिनचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. कुत्रं दोन-तीन दिवसांतच खायला लागतं, पण जंतू अंगात राहतो आणि महिन्यांनी डोकं वर काढतो. शेवटी त्या म्हणाल्या, "जमत नसेल तर परत आणून द्या." जणू मी दुकानातली वस्तू बदलायला आले होते. त्या रात्री त्यांनी मला रेस्क्यूच्या ग्रुपमधून काढलं.

ठमीला रक्त चढवावं लागलं. मागच्या गल्लीतल्या लॅब्रॅडॉरने दिलं. लसीकरण पूर्ण झालेला, धडधाकट, चांगला वजनदार कुत्रा. त्याच्या घरच्यांनी एका शब्दात हो म्हटलं, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. कुत्र्याला पहिल्यांदा रक्त देताना सहसा त्रास होत नाही, दुसऱ्यांदा मात्र जुळवून बघावंच लागतं. आणि ती नसबंदी? अटीप्रमाणे केली असती, तर रक्त थांबलं नसतं, असं डॉक्टर म्हणाल्या.

म्हणून सांगते. कुत्रं घरी आणण्याआधी त्याचे दोन्ही पुढचे पाय नीट बघा. आखूड केसांचा नेटका चौकोन दिसला, तर सलाईन का लावलं होतं ते विचारा. फाइल मागा. नाही म्हणाले, तर दवाखान्याचं नाव घ्या आणि स्वतः फोन करा. रक्ताची पूर्ण तपासणी, स्मिअर (काचेवर रक्त पसरून बघतात तो) आणि किडनीची तपासणी आधी करून घ्या. जुन्या गोचीड तापात किडनीवरही परिणाम होतो. अँटिबॉडीची किट टेस्ट बरं झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येऊ शकते. किटवरच्या त्या रेघेला घाबरू नका, प्लेटलेट मोजत राहा.

डॉक्सीसायक्लिनची गोळी जेवणानंतर द्या आणि वर पाणी पाजा, नाहीतर अन्ननलिकेत अडकून जखम करते. मी पहिल्या दिवशी दह्यातून दिली होती. डॉक्टर रागावल्या, दूध-दह्याने औषधाचा गुण कमी होतो. गोचीड फक्त कुत्र्याच्या अंगावर नसतो. आमच्याकडे दाराच्या चौकटीच्या फटीत आणि सोफ्याच्या शिवणीत सापडले. एक मादी हजारो अंडी घालते, तेव्हा कुत्र्याचं औषध आणि घराची सफाई एकाच वेळी करा. पैसे बाजूला ठेवा. धीर ठेवा.

ज्या ताई-दादा रस्त्यावरून ही जनावरं उचलतात, त्यांच्या कष्टांबद्दल मला एक शब्दही काढायचा नाही. पण आजार लपवून घर मिळवून देऊ नका. मला सांगितलं असतं, तरी मी ठमीला आणलं असतं. फक्त पहिल्या दिवसापासून गोळ्या सुरू केल्या असत्या. सतरा दिवस माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत वाया गेले.

परवाच्या तपासणीत तिच्या प्लेटलेट १ लाख ६० हजार आल्या. आधीच्या दवाखान्याचा कागद मी चार वेळा मागितला आहे. तो अजून आलेला नाही.