काट्याच्या नादी लागू नका

ब्लाउज शिवायला टाकताना बायका एक वाक्य हमखास बोलतात. "ताई, जरा फिटच शिवा हं, मी वजन कमी करतेय." मी हो म्हणते आणि शिवणीत नेहमीइतकीच माया ठेवते. कारण महिना-दीड महिन्यानं तोच ब्लाउज उसवून सैल करायला परत येतो. तोवर चालणं सुटलेलं असतं, चहात साखर पुन्हा पहिल्यासारखी पडू लागलेली असते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काही उपयोगच होत नाही हो. काटा हलतच नाही."

मी त्यांना हसत नाही, मीही त्याच वाटेनं गेलेली आहे. सांगलीत घरीच शिवणकाम करते. दिवस मशीनवर बसून जातो, हाताशी भडंगाचा डबा. चाळिशी ओलांडली आणि डॉक्टरांनी साखर काठावर आल्याचं सांगितलं. मग पहाटे आमराईत चालायला जाऊ लागले, भडंग बंद केला, भात निम्म्यावर आणला. पहिल्याच आठवड्यात दीड किलो उतरलं. घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. पुढच्या आठवड्यात काटा होता तिथंच. त्याच्या पुढच्या आठवड्यात अर्धा किलो वर! खाणं तेच, चालणं तेच, आणि वजन वाढलेलं.

नेमक्या अशा वेळी कुणीतरी पॅकेज विकायला येतंच. एका केंद्रात महिन्याला पाच किलोची लेखी हमी होती. दोन वेळा पाण्यात कालवलेली पावडर, एक वेळ काकडी-टोमॅटो आणि वाटीभर उकडलेली भाजी. वजन भराभर उतरलं, खोटं कशाला सांगू? पण सुईत दोरा ओवताना हात थरथरू लागले, आणि दोन-तीन महिन्यांनी केस विंचरताना फणीत पुंजकेच्या पुंजके येऊ लागले. अचानक उपाशी ठेवलेलं शरीर केसांवरचा खर्च आधी आवरतं आणि त्याचा परिणाम असा उशिरा दिसतो, हे त्वचेच्या डॉक्टरांकडून कळलं. भराभर वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, हेही तिथंच ऐकलं. पावडर संपली, लग्नसराई आली आणि पहिले पाढे पंचावन्न. केंद्रातली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमची इच्छाशक्ती कमी पडली," आणि पुढच्या पॅकेजचा कागद समोर सरकवला.

इच्छाशक्तीचा इथं संबंध नव्हता. काटा काय मोजतो हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, एवढीच गोष्ट होती. ते समजलं असतं तर पैसे आणि केस दोन्ही वाचले असते.

आपल्या यकृतात साधारण 100 ग्रॅम आणि स्नायूंमध्ये 400 ग्रॅमच्या आसपास साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. त्यातल्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा वापरला जातो आणि त्याच्याबरोबर पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यातला माझा दीड किलो बहुतेक असा होता. पुढं शरीर सावरतं आणि काटा अडल्यासारखा वाटतो. आदल्या रात्री लोणचं-पापड झालं, हॉटेलातलं खाणं झालं, पाळी जवळ आली, पोट नीट साफ झालं नाही, नव्यानं व्यायाम सुरू करून अंग दुखतंय, यातल्या कशानंही काटा एखादा किलो वर जाऊ शकतो. चरबीचा एक कणही वाढलेला नसताना.

आता चरबीचा हिशेब बघा. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. मोठा चमचाभर तेल म्हणजे 120 कॅलरी. चहाचे तीन कप, कपाला दोन लहान चमचे साखर, म्हणजे आणखी 120. एवढं दोन्ही रोज कमी केलं तर दिवसाला 240 कॅलरी वाचतात. भागाकार केला तर महिन्याला किलोभर वजन जायला हवं. तसं होत नाही. वजन उतरतं तशी शरीराची गरजही उतरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याचं गणित मांडलं. जाड माणसानं दिवसाला 24 कॅलरी कायमच्या कमी केल्या तर शेवटी साधारण एक किलो उतरतं, पण त्यातलं निम्मं उतरायलाच वर्षभर लागतं. म्हणजे आपल्या 240 कॅलरींचे शेवटी दहा किलो, पहिल्या वर्षात त्यातले पाच. आठवड्याला 100 ग्रॅमसुद्धा नाही! किलोभर पाणी वरखाली होत असताना हे 100 ग्रॅम काट्यावर कसे दिसणार? तुमचं चाललेलं बरोबर असतं, फक्त ते अजून दिसण्याजोगं झालेलं नसतं.

म्हणून काटा फेकून द्यायला मी सांगत नाही. रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहून टाका. त्या आकड्यावर खूश व्हायचं नाही नि कष्टीही व्हायचं नाही. आठवड्याची सरासरी काढा आणि ती महिन्यापूर्वीच्या सरासरीशी ताडून बघा. पाळी चालू असलेल्या बायकांनी पाळीच्या आधीचा आठवडा मागच्या पाळीच्या आधीच्या आठवड्याशीच ताडावा. रोजच्या आकड्यानं जिचा जीव खालीवर होतो, तिनं आठवड्यातून एकदाच काट्यावर चढावं.

माझा खरा भरवसा टेपवर आहे, आणि हे मी धंद्यामुळं म्हणत नाही. उलट शिवणकामातली कंबर इथं चालत नाही. आम्ही साडी किंवा परकर जिथं बसतो तिथलं माप घेतो. इथं बरगडीचं खालचं टोक आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा बोटांनी चाचपून बघायचा आणि दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप लावायची. श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही, टेप कातडीत रुतवायची नाही. आरशात बघून मागच्या बाजूला टेप खाली घसरली नाही ना, याची खात्री करायची. नवख्या मापाचा घोटाळा हमखास तिथंच होतो. भारतीय बायकांसाठी 80 सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी 90, ही धोक्याची रेघ मानतात. महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे. माझं पोट काट्याच्या आधी टेपवर हललं.

पोटाला एवढं महत्त्व का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं होतं, बीएमआय 22.3. पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! आपल्याकडे दिसायला बारीक माणूससुद्धा आतून चरबी बाळगून असतो, आणि हे काटा सांगत नाही.

ज्यांचा धीर सुटत आलाय त्यांना मी चेन्नईची गोष्ट सांगते. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं साखर काठावर असलेल्या लोकांवर तीनेक वर्षं लक्ष ठेवलं आणि 2006 मध्ये निष्कर्ष छापले. नेहमीच्याच सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांनी रोज अर्धा तास चालणं आणि साखर-मैदा-तेलाला आळा घालणं चालू ठेवलं, त्यांच्यात हे प्रमाण 39.3 टक्क्यांवर थांबलं. आणि या लोकांचं वजन म्हणावं तसं घटलेलंच नव्हतं. तिथं कुणी निव्वळ काट्याकडे बघून चालणं सोडलं असतं, तर काय गमावलं हे त्याला कळलंही नसतं.

उपवासाबद्दल फार लिहीत नाही. एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप यांना तिथी कळत नाही. दोन वेळाच जेवायचं की थोडं थोडं खायचं, यावर आमच्या हळदीकुंकवात भांडणं झालेली आहेत. ज्या पद्धतीनं तुम्ही पुढच्या दिवाळीतही जेवाल ती धरा, एवढंच माझं मत.

मात्र भोवतालच्या माणसांची तयारी आधीच करून ठेवा. "एवढं चालतेस, पण दिसत तर काही नाही," असं म्हणणारी एक तरी नणंद असतेच. वजन किती उतरलं हे सांगण्याची पद्धतच मी बंद केली. कुणी विचारलं तर आज किती वेळ चालले ते सांगते. आकडा तोही असतो, पण तो माझ्या हातातला असतो.

तीन महिने नेटानं करूनही सरासरी आणि कंबर दोन्ही जागच्या जागीच असतील, तर आठवडाभर तोंडात गेलेला प्रत्येक घास लिहा. चव बघताना खाल्लेला चमचा आणि मुलांच्या ताटातली उरलेली पोळी त्यात धरा. तरीही कोडं सुटलं नाही तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा मानसिक आजारावरची काही औषधं वजन वाढवतात, पण ती आपल्या मनानं बंद करायची नाहीत, डॉक्टरांशी बोलायचं. आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याच्या आधीच डॉक्टरांना सांगा. गोळी तीच आणि जेवण निम्मं झालं, तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते.