यंत्राला न दिसणारे

आदिवासी तडवी समाजातील डॉ. पायल तडवी आपल्या जळगावच्या. मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेत असताना मे २०१९ मध्ये त्यांनी जीवन संपविले. जातीय छळाचा आरोप झाला. आई आबेदा तडवी यांनी राधिका वेमुला यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

आता विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीवर अ‍ॅपद्वारे लक्ष ठेवण्याची भाषा होते. झोपेचे तास, गैरहजेरी यंत्र मोजील. छळणारा त्यात दिसणार नाही. शिवाय ती नोंद विभागप्रमुखांच्या हाती पडली, तर बोलका विद्यार्थीही गप्प होईल. त्यापेक्षा २०२२ पासूनची टेली-मानस सेवा मला अधिक भावते. १४४१६ हा क्रमांक विनामूल्य, अहोरात्र. संवाद मराठीतही होतो. जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक वसतिगृहात तो दर्शनी लावावा. मात्र छळाची तक्रार समुपदेशनावर मिटवू नये; तिची स्वतंत्र चौकशी व्हावी.