पारितोषिकाचा अधिकारी कोण?

दिनांक 28 जून 2018. रशियामध्ये फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा चालू होती. गटातील सामने संपले, तेव्हा जपान आणि सेनेगल या दोन संघांचे गुण सारखे झाले. केलेले गोल सारखे, स्वीकारलेले गोल सारखे. परस्परांतील सामनाही बरोबरीत सुटलेला! मग पुढील फेरीत जावे कोणी? नियमांत उत्तर आधीच लिहिलेले होते: ज्या संघाचे वर्तन अधिक चांगले, त्याने. पंचांनी जपानला चार पिवळी कार्डे दाखविली होती, सेनेगलला सहा. जपानचा संघ पुढे गेला आणि सेनेगलचे खेळाडू घरी परतले. कौशल्याइतकेच वर्तनालाही मोल असते, हे साऱ्या जगाने पाहिले.

मैदानावर खेळाडूंच्या समोर पंच उभा असतो. संगणकावरील खेळात मात्र खेळाडू परस्परांना दिसतही नाहीत. 2009 साली निघालेला ‘लीग ऑफ लेजेंड्स’ हा असाच एक खेळ आहे. यात पाच-पाच जणांचे दोन संघ झुंजतात. सोबती बहुधा अनोळखी असतात आणि प्रत्येकाने टोपणनाव धारण केलेले असते. खेळता खेळता एकमेकांना संदेश लिहिता येतात. एकाच्या हातून चूक झाली, की दुसरा त्याला अपशब्द लिहितो. तिसरा रुसून मुद्दाम हरू लागतो. समोर चेहरा नसला, म्हणजे मनाचा लगाम सहज सुटतो.

ही कीड घालविण्यासाठी खेळाच्या चालकांनी अनेक उपाय योजिले. 2011 साली त्यांनी खेळाडूंचेच एक न्यायमंडळ निर्माण केले. तक्रार आलेल्या सामन्यातील संभाषण वाचून, दोषीला शिक्षा करावी की क्षमा, याविषयी खेळाडू मत देत. 2012 साली चांगल्या सोबत्याचा गौरव करण्याची सोय झाली. 2017 साली सन्मानाच्या पायऱ्या ठरविण्यात आल्या. गैरवर्तन करणाऱ्याची पायरी खाली उतरे आणि ती फार खाली गेली, तर हंगामाअखेरचे पारितोषिक त्याला मिळत नसे.

हे न्याय्य आहे काय? कित्येकांना तसे वाटत नाही. ते विचारतात, “पारितोषिक कौशल्याने मिळविलेले असते. गणिताचा पेपर उत्तम सोडविणारा मुलगा उद्धट आहे, म्हणून त्याचे गुण कापतात काय?” आक्षेप विचार करण्याजोगा आहे. गुण कापू नयेत, हे खरेच. परंतु गणित एकट्याने सोडवावयाचे असते. संघाचा खेळ इतर नऊ जणांवाचून होतच नाही. एखादी नवखी मुलगी उत्साहाने खेळावयास येते, पहिल्याच चुकीला शिव्या वाचते आणि पुन्हा फिरकत नाही. तिचा आनंद ज्याने हिरावला, त्याने त्याच खेळाच्या पंगतीत मानाचे पान मागावे काय? त्याने गाठलेली श्रेणी त्याच्याकडे राहू द्यावी, कारण ते कौशल्याचे माप आहे. पारितोषिक हा मात्र सर्वांनी मिळून केलेला सन्मान आहे; तो सर्वांना दुखावणाऱ्याला कसा देता येईल?

तथापि शिक्षा करणाऱ्यानेही सावध असले पाहिजे. हरलेला संघ पुष्कळदा एका दुर्बळ सोबत्यावर सारे खापर फोडतो. अशांच्या तक्रारी मोजून निकाल दिला, तर निरपराध्यावर अन्याय होईल. म्हणून पुरावा तपासावा आणि दोषीला त्याचा दोष दाखवावा. शिवाय, या खेळाचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले, की बहुतेक अपशब्द सराईत दुर्वर्तनी लोकांचे नसतात. एरवी नीट वागणारी माणसेच एखाद्या वाईट दिवशी ते लिहितात. अशांना सुधारण्याची वाट मोकळी हवी. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काहीच उरले नाही, तो सुधारेल कशासाठी?

पारितोषिक रोखावे, परंतु पुराव्याने रोखावे, कारण सांगून रोखावे आणि पुढील हंगामात ते पुन्हा मिळविण्याची संधी द्यावी. खिलाडूपणाची खरी परीक्षा मात्र पंचांच्या शिट्टीने होत नाही. कोणी पाहत नसता, हार समोर दिसत असता, चुकलेल्या सोबत्याला आपण कोणता शब्द लिहितो, यातच ती होते.

स्वाध्याय

1. जपानच्या संघाला पुढील फेरीत प्रवेश का मिळाला?
2. श्रेणी आणि पारितोषिक यांत पाठात कोणता भेद केला आहे?
3. ‘खापर फोडणे’, ‘लगाम सुटणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
4. ‘गैरवर्तन करणाऱ्या खेळाडूचे पारितोषिक रोखावे काय?’ या विषयावर दोन्ही बाजू मांडून दहा ओळी लिहा.