बटण आहे का ते आधी बघ

अगं, फोनवर तू पोर्शेच्या दोन बॉक्स्टर सांगितल्यास. दोन्ही २००२ च्या, दोन्ही २.७ लिटरच्या. चंदेरीत पीएसएम आहे, काळीत नाही. पण काळी जरा स्वस्त आणि तिचं सर्व्हिस बुक पानन् पान भरलेलं. आणि मग तुझा प्रश्न : "मामा, ते पीएसएम खरंच लागतं का रे?" तुला दोन वाक्यांत सांगितलं की तू ऐकत नाहीस, म्हणून लिहून देतो.

पीएसएम म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोलचं पोर्शेने ठेवलेलं नाव. बाकीचे त्यालाच ईएसपी म्हणतात. या वस्तूचं माहेर आपलं स्टुटगार्टच. बॉशमधल्या आन्टोन फान झान्टेन यांच्या चमूने ती घडवली आणि १९९५ साली मर्सिडीजच्या मोठ्या कूपेतून ती रस्त्यावर आली. बॉक्स्टरला ती २००१ च्या मॉडेलपासून मिळू लागली, तीही वेगळे पैसे मोजले तरच. म्हणून त्या वर्षांतल्या गाड्यांत कुणाला आहे, कुणाला नाही. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्ती झाली, तेव्हा हा प्रश्न आता जुनी गाडी घेणाऱ्यालाच पडतो.

तुझे ते गाडीवेडे मित्र म्हणतील, ज्याला चालवता येतं त्याला असली कुबडी लागत नाही. त्यांना एवढंच विचार, तुझ्या पायाखाली ब्रेकचे पेडल किती? एकच ना? ते दाबलं की चारही चाकांना ब्रेक लागतो. पीएसएम एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावतं. तू स्टीअरिंग किती वळवलंस आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, हे ते सतत ताडून बघतं. डाव्या वळणात शेपूट बाहेर निघालं तर पुढचं उजवं चाक धरतं. नाक न वळता सरळच निघालं तर मागचं डावं. वर इंजिनची ताकदही कमी करतं. शूमाखरला सुद्धा हे पायाने जमलं नसतं, कारण त्यालाही पेडल एकच होतं.

आता माझी गोष्ट. तुझ्या आईला ही अजून माहीत नाही. १९९८ चा नोव्हेंबर, रिपरिप पाऊस, ऑटोबानवरून उतरण्याचा गोल रस्ता आणि माझी नवी (म्हणजे चौथ्या हाताची) दोन सीटर गाडी, इंजिन मधोमध, ताकद मागच्या चाकांना. वळण वाटलं त्यापेक्षा आवळत गेलं. मी गाडी शिकलो ताम्हिणीत, तुझ्या आजोबांच्या ॲम्बॅसडरवर. तिथे एकच शिकवण : शंका आली की गॅस सोड. मी सोडला. मधोमध इंजिनाच्या गाडीत वळणात एकदम गॅस सोडला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट निघतं. असली गाडी फिरायला लागली की गरकन फिरते, कारण सगळं वजन मधे गोळा झालेलं असतं. दीड गिरकी घेऊन मी उलट्या तोंडाने थांबलो. मागून कुणी येत नव्हतं, म्हणून आज हे लिहितोय. चूक माझीच होती. पण ती चूक शरीर करतं, डोकं नाही. डोक्याला कळेपर्यंत शेपूट गेलेलं असतं.

असं फक्त माझ्यासारख्यांचंच होतं असं समजू नकोस. ऑडीची टीटी १९९८ ला आली, दिसायला देखणी. भर वेगात लेन बदलताना किंवा गॅस सोडताना मागून सुटल्याने ऑटोबानवर अपघात झाले, माणसं गेली. मग गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर बसवला, सस्पेन्शन बदललं आणि ईएसपीही आलं. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संस्थेने, आयआयएचएसने, नंतर हिशेब मांडला : एकाच गाडीच्या जीवघेण्या अपघाताचा धोका स्टॅबिलिटी कंट्रोलने साधारण निम्म्यावर येतो. एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू सीट बेल्टनंतर मला तरी आठवत नाही.

पण त्याच्या भरवशावर उडू नकोस. रस्त्याला चिकटतं ते टायर. पीएसएम असलेली पकड वाटून देतं, नवी आणत नाही. म्हणून गाडी बघायला गेलीस की रंगाआधी टायरची तारीख वाच. बाजूवर डीओटीच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात : ३४१६ म्हणजे २०१६ सालचा ३४ वा आठवडा. हौशी लोकांच्या गाड्या वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर धावतात; नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर कडक झालेलं असतं. असे टायर असतील तर चारही नवे घ्यायचे पैसे किमतीतून कापून माग. आणि सात अंशांखाली उन्हाळी टायर कडक पडतात. तू एस्लिंगेनहून रोज पहाटे निघणार, तेव्हा हिवाळी जोड धरूनच हिशेब कर.

पीएसएम आहे की नाही ते विकणाऱ्याला विचारत बसू नकोस. गाडीत पीएसएमचं बटण आहे का बघ. शिवाय पुढच्या डिकीच्या झाकणावर आणि सर्व्हिस बुकात ऑप्शनच्या आकड्यांचा कागद चिकटवलेला असतो. त्यात ४७६ शोध. २२२ दिसलं तर ते नुसतं ट्रॅक्शन कंट्रोल. चाकं जागच्या जागी फिरू नयेत इतकंच त्याचं काम. पुष्कळ जण तेच दाखवून "आहे की!" म्हणतात. चावी फिरवल्यावर पीएसएमचा दिवा लागून विझायला हवा. अजिबात लागलाच नाही तर जास्त संशय घे. चालवताना तो लुकलुकला तर समज, आत्ता तुझी चूक कुणीतरी निस्तरली.

ते बंद करायचं बटण आहे, पण रस्त्यावर त्याला हात लावायचं कारण नाही. बर्फात रुतलीस किंवा साखळ्या लावल्यास तर थोडा वेळ बंद कर. बाहेर पडलीस की परत चालू.

"काळी घेते आणि नंतर पीएसएम बसवून घेते" हा विचार सोड. ब्रेकचं हायड्रॉलिक युनिट, सेन्सर, वायरिंग, सगळंच वेगळं. तेवढ्या पैशांत गाडी येईल.

मग काळी वाईट का? मुळीच नाही. कुणी उन्हाळ्यातल्या रविवारीच श्वार्त्सवाल्डच्या बी ५०० वर फिरवणार असेल, टायर ताजे ठेवणार असेल आणि एडीएसी या मोटार क्लबच्या ओल्या मैदानावर एक दिवस गाडी मुद्दाम घसरवून शिकणार असेल, तर मी त्याला काळीच घे म्हटलं असतं. चांगली जपलेली गाडी त्या एका बटणासाठी सोडू नये. तू मात्र ती नोव्हेंबरात, अंधारात, ऑफिसच्या घाईत चालवणार आहेस.

चंदेरी घे. तिचं सर्व्हिस बुक अर्धवट आहे म्हणालीस, तर आधी ओळखीच्या मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून बघ. आणि एडीएसीचा दिवस तुलाही चुकलेला नाही, त्याची फी मी भरतो. शनिवारी निघताना फोन कर, मी येतो बरोबर.