शिल्पकार गेल्यावर घडलेले शिल्प कोणाचे?

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेले असताना वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट’मध्ये अलेक्झांडर कॅल्डर यांचे छताला टांगलेले प्रचंड शिल्प पाहिले. पाळण्यावरच्या चिमणाळ्यासारखे ते हळूहळू फिरत होते. पुढे वाचनात आले, की कॅल्डर १९७६ मध्ये वारले आणि शिल्प टांगले गेले १९७७ मध्ये. मग ते त्यांचे कसे? तयार शिल्प विकत घ्यायचे सोडून संग्रहालय ते मुद्दाम का करवून घेते? त्याचे टेंडर निघते का? आणि फिरवणारी मोटर कुठे लपवली आहे?
– एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : एका पत्रात तुम्ही चार शंका विचारल्या आहेत आणि चारही रास्त आहेत. त्या एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे सुरुवात जागेपासून करू.

तुम्ही शिल्प पाहिले ती संग्रहालयाची पूर्वेकडची इमारत. वास्तुकार आय. एम. पेई यांनी ती त्रिकोणी आकारांतून रचली आणि १९७८ मध्ये ती खुली झाली. तिच्या मधल्या चौकावर काचेचे छत आहे आणि चौक कित्येक मजले उंच. एवढ्या पोकळीत माणूस अगदी लहान दिसतो. भिंतीवर लावलेले चित्र तर हरवूनच जाते. त्या हवेत काहीतरी हवे होते आणि तेही खालची ये-जा न अडवणारे. अशा मापाची वस्तू बाजारात तयार मिळत नाही. म्हणून इमारत बांधून होण्याच्या आधीच कॅल्डर यांना काम सांगितले गेले.

जागेप्रमाणे शिल्प कसे बदलते, याचे दुसरे उदाहरण त्याच इमारतीच्या दारात आहे. तिथले ब्राँझचे दोन उभे तुकडे हेन्री मूर यांचे. त्यांचेच एक आधीचे शिल्प लंडनमध्ये पार्लमेंटजवळ उभे आहे. वॉशिंग्टनसाठी मूर यांनी त्याची रचना आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी केली आणि आकारही वाढवला.

टेंडरबद्दल थोडक्यात सांगतो. रस्ता किंवा पूल करायचा तर सर्वांत कमी दराचा ठेकेदार निवडता येतो. शिल्पाला तो निकष लावता येत नाही. अशा वेळी संचालक, वास्तुकार आणि संग्रहालयाचे जाणकार मिळून कलावंत ठरवतात. कलावंत लहान नमुना करून दाखवतो, तो पसंत पडला की करार होतो. सार्वजनिक संस्था म्हटली की पैसा करदात्यांचा, असे आपण धरून चालतो. इथे इमारत चालवण्याचा खर्च सरकार देते, पण कलाकृती खासगी देणग्यांतूनच येतात. हे शिल्पही देणगीदारांच्या एका समितीने भेट दिलेले आहे.

खरी अडचण नमुना मंजूर झाल्यावर सुरू झाली. कॅल्डर यांची झुलती शिल्पे तार आणि पत्रा यांची असतात. एका दांडीच्या टोकाला पत्र्याचे पान, दुसऱ्या टोकाला तोल सांभाळणारी पुढची दांडी, अशी साखळी. लहान नमुना फुंकरीनेही हलतो. आता तो लांबी, रुंदी आणि जाडी तिन्हींत दहापट मोठा केला असे समजा. पानाचे क्षेत्रफळ शंभरपट होईल, पण वजन हजारपट. वारा ढकलतो तो पृष्ठभागाला, म्हणजे त्याचा जोर शंभरपटच वाढला. ओझे मात्र त्याच्याही दहापट झाले. जाडी न वाढवावी, तर लांब दांड्या आपल्याच भाराने वाकतात. हे शिल्प सुमारे २३ मीटर रुंद आणि ९ मीटर उंच व्हायचे होते. पोलादात केले असते तर वजन टनांत गेले असते. छताला तो भार नको होता आणि खोलीतल्या हवेने ते जेमतेम हलले असते.

कॅल्डर यांना हे गणित समजावून सांगायची गरज नव्हती. ते १९१९ मध्ये यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडलेले. हातातल्या पकडीने तार वाकवून शिल्प उभे करणे हा त्यांचा जन्माचा छंद. १९५५ मध्ये साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून ते अहमदाबादला आले, तेव्हा तिथेही त्यांनी अशी शिल्पे केली होती. पण या मापाला पकड पुरणार नव्हती.

वाट काढली ती पॉल मातीस यांनी. प्रसिद्ध चित्रकार आन्री मातीस यांचे ते नातू, स्वतः कलावंत आणि यंत्रकामात मुरलेले. कॅल्डर हयात असतानाच त्यांनी काम हाती घेतले. पाने भरीव न करता त्यांनी मध्ये ॲल्युमिनियमची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळ जाळी घातली आणि तिच्या दोन्ही बाजूंना पातळ पत्रा चिकटवला. विमानबांधणीत हीच पद्धत वापरतात. त्यामुळे बाहेरून जाड, भक्कम दिसणारी पाने आतून जवळजवळ रिकामी आहेत. संपूर्ण शिल्पाचे वजन सुमारे ४२० किलोवर आले.

मोटरच्या शंकेचे उत्तर यातच आहे. मोटर नाहीच. दालनातल्या हवेच्या हालचालीने ते फिरते. ती हालचाल मंद, म्हणून फिरणेही मंद; पण दहा मिनिटांनी मान वर करावी तर रचना बदललेली असते.

आता मूळ शंका. शिल्पकार सगळे स्वतःच्या हाताने करतो, हा समज आपल्याकडेही घट्ट आहे. पुण्यातला छत्रपती शिवाजी महाराजांचा १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा घ्या. तो विनायक करमरकरांचा, यात कोणाला शंका नाही. पण ब्राँझचे ओतकाम झाले मुंबईच्या माझगाव गोदीत आणि वितळलेला धातू ओतणारे हात गोदीतल्या कामगारांचे होते. घोड्याची चाल, मानेचा बाक, महाराजांची बैठक हे निर्णय करमरकरांचे, म्हणून पुतळा त्यांचा. वॉशिंग्टनलाही पानांचे आकार, लाल-काळ्या-निळ्या रंगांची योजना आणि कोणते पान कोणत्या उंचीवर झुलेल, हे कॅल्डर यांच्या नमुन्यात ठरलेले होते. ११ नोव्हेंबर १९७६ रोजी ते वारले. वर्षभराने शिल्प वर चढले. त्यांनी ते पूर्ण झालेले पाहिले नाही, तरी ते त्यांचेच आहे. मातीस यांनी मात्र ते हलके केले नसते, तर हे झुलते शिल्प झुललेच नसते. त्यांचे नाव प्रत्येक पाहणाऱ्याला कळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

शेवटी एक जोड. वॉशिंग्टनमध्येच, सेनेटच्या हार्ट इमारतीत कॅल्डर यांचे ‘माउंटन्स अँड क्लाउड्स’ आहे. त्याचा नमुना तिथल्या अधिकाऱ्यांपुढे त्यांनी मृत्यूच्या आदल्याच दिवशी मांडला होता. शिल्प उभे राहिले १९८६ मध्ये. काळे पोलादी डोंगर जमिनीवर आणि वर ॲल्युमिनियमचे ढग. ढग जड होते, त्यांना फिरवायला मोटर लावली होती. पुढे तपासणीत ते सुरक्षित नसल्याचे आढळले आणि २०१६ मध्ये ते उतरवावे लागले. अशा कामाच्या करारात टांगण्याच्या खर्चाइतकाच नंतरच्या तपासणीचा आणि दुरुस्तीचा खर्च आधी का लिहून ठेवावा लागतो, हे त्यावरून कळेल.