मेंदूतील रक्तस्राव व त्याची कारणे

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना डोक्यात एकाएकी तीव्र वेदना होऊ लागल्या, ते बेशुद्ध झाले आणि काही तासांतच मरण पावले. त्या वेळी त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका भरला. मृत्यूचे कारण मेंदूतील रक्तस्राव हे होते. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे वाढत होता. परंतु तो उतरविणारी प्रभावी औषधे त्या काळी उपलब्ध नव्हती.

उच्च रक्तदाब हेच या विकाराचे प्रमुख कारण होय. मेंदूच्या खोल भागांत जाणाऱ्या बारीक रोहिण्या मोठ्या रोहिण्यांपासून थेट फुटतात. त्यामुळे त्यांना अधिक दाब सोसावा लागतो. कालांतराने त्यांच्या भित्ती दुबळ्या होतात आणि एखादे वेळी फुटतात.

दुसरे कारण रोहिणीवरील फुगा. मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे एक कडे असते. टॉमस विलिस याने १६६४ मध्ये त्याचे वर्णन केले. या कड्यात जेथे फाटे फुटतात तेथे भित्ती फुगू शकते. असा फुगा फुटल्यास मेंदूच्या आवरणांमध्ये रक्त पसरते व क्षणार्धात भयंकर डोकेदुखी सुरू होते.

काहींच्या मेंदूत रोहिण्या व नीला केशवाहिन्यांवाचून परस्परांस जोडलेल्या असतात. असा गुंता तरुणपणीही फुटू शकतो. वार्धक्यात रक्तवाहिन्यांच्या भित्तींत एक प्रकारचे प्रथिन साचून त्या ठिसूळ होतात. हिमोफिलियासारखे विकार, रक्त पातळ ठेवणारी औषधे आणि नवजात अर्भकातील के जीवनसत्त्वाची उणीव यांमुळे रक्त गोठण्यात अडथळा येऊन रक्तस्राव होतो. डोक्यास मार लागल्यानेही कवटीच्या आत रक्त साचते. वृद्धांमध्ये त्याची लक्षणे कधी कधी कित्येक आठवड्यांनी दिसतात.

कवटी कठीण असल्यामुळे साचलेल्या रक्तास जागा मिळत नाही व मेंदू दबला जातो. अर्धांग लुळे पडणे, वाचा जाणे ही लक्षणे रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यानेही उद्भवतात. मात्र दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. १९७१ पासून उपयोगात आलेल्या सीटी स्कॅनने हा भेद तत्काळ कळतो. म्हणून अशा रोग्यास घरी अ‍ॅस्पिरिन न देता विनाविलंब रुग्णालयात न्यावे. रक्तदाब वाढला तरी बहुधा कोणतीही पीडा जाणवत नाही. यास्तव तो वेळोवेळी मोजून घेणे व आटोक्यात ठेवणे हाच या संकटावरील सर्वांत खात्रीचा प्रतिबंध होय.